खडकावर कस्तुराबाई

पुसद नाक्याजवळ वैजयंतीच्या स्कूटीपुढे एक रिक्षा चालली होती आणि रिक्षाच्या उजव्या अंगाने एक लांब काठी तिरकी वर निघाली होती. मागचा ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता. एक मोटारसायकलवाला मान खाली घालून काठीखालून निसटला आणि जाताजाता रिक्षाकडे बघून काहीतरी बडबडला. भीमजयंती होऊन आठवडा उलटला तरी रस्त्यावर आडव्या बांधलेल्या निळ्या पताका तशाच होत्या, उन्हाने विटलेल्या. काठीचं टोक त्यातल्या एका दोरीत अडकलं आणि पताकांची अख्खी ओळ रिक्षाबरोबर ओढली जायला लागली. रिक्षा थांबली. आतून एक हात बाहेर आला. त्या हाताने काठी जराशी मागे घेतली, जराशी फिरवली, दोरीतून अलगद सोडवली. एकही पताका फाटली नाही. मनगटावर हिरवं गोंदण होतं, आणि गोंदणाच्या वर, कधीकाळी विळा लागला होता तिथे, पांढरा वण. वैजयंतीची मूठ आपोआप ढिली झाली, स्कूटी मंदावली. तो हात ती रोज बघत होती. तिच्या सासूचा, कस्तुराबाईचा हात. आणि कस्तुराबाई या घडीला घरात असायला हवी होती. दाराला बाहेरून कडी होती.

हॉर्न वाजवायला पाहिजे होता. रिक्षाला आडवं जाऊन थांबवायला पाहिजे होतं. पंचायत समितीतली बैठक लवकर आटोपली नसती तर आपल्याला हे कळलंही नसतं, असं तिच्या मनात आलं. तिने हॉर्न वाजवला नाही. रिक्षा अनसिंगच्या रस्त्याला लागली आणि ती मागे राहिली, एक टेम्पो मध्ये ठेवून, चोरासारखी. कडी लावायची कल्पना राजपालची, तिच्या नवऱ्याची. थंडीच्या दिवसांत कस्तुराबाईला अर्धांगाचा झटका आला, लहानसाच, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, डावा हात मात्र पुरता परत आला नाही. त्यातून कप सुटायचा. कणकेचा गोळा सुटायचा. एकदा नळाखालची बादली सुटली आणि तिच्याच पावलावर पडली. मग एका दुपारी ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली आणि रस्त्यातच बसली, चक्कर आली म्हणून. राजपालला ऑफिसात फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात कडी धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "माय, रागावू नको. तू कुठं पडली तं कोन पाहीन?" कस्तुराबाई खाटेवर बसली होती. "लाव बापा, लाव," ती म्हणाली. तेवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणखुरपण करून, नवरा गेल्यावर एकटीने पोरगा शिकवून, कुणाच्या दारापुढे वाकली नाही ती बाई, आणि ती इतक्या सहज लाव म्हणाली. वैजयंती तेव्हा डबा भरत होती. राजपालच्या भीतीत खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्याला अडवता आलं नाही.

गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोयाबीन, तूर निघून गेलेली काळी रानं, मध्येच कुठे ओलिताचा भुईमूग. वारा गरम होता. रिक्षातली काठी आता मोकळ्या आभाळात लवत होती आणि तिचं ते लवणं बघताबघता वैजयंतीला आठवला तो वेगळाच वारा, ओला, अंगाला चिकटणारा. तिची पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात झाली होती, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीच्या शाळेवर. वाशीमपासून एक दिवस आणि एक रात्र. लेक सपना तेव्हा दुधावर होती. राजपालची वीज कंपनीतली नोकरी इकडे, नवीनच लागलेली, सोडता येणारी नाही. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी कस्तुराबाईने आपलं गाठोडं बांधून दारात ठेवलं. "मी येते तुह्यासंग," ती म्हणाली. "पोरीले कोन सांभाळन? समुद्र काई खाऊन टाकते काय?" तिने तोवर समुद्र पाहिला नव्हता. विहीर, नाला आणि पैनगंगा, एवढंच तिचं पाणी. एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा तो दिसला तेव्हा ती पदर डोक्यावर ओढून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढा पसारा! याले आवरते कोन?"

वैजयंतीला त्या समुद्राची भीती वाटायची. शाळेच्या खिडकीतून तो दिवसभर दिसायचा आणि दिवसभर आपल्याला कुणीतरी इथे आणून विसरून गेलंय असं वाटत राहायचं. मुलांची बोली कळायची नाही, मुलांना तिची. संध्याकाळी राजपालचा फोन यायचा, आवाज तुटायचा, आणि ती फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायची. घराकडे बदली मिळेपर्यंत बदलीचे अर्ज, बदलीच्या अफवा, यांच्यावर तिची ती वर्षं गेली. कस्तुराबाईने मात्र आल्याच्या महिन्यातच खडकांवर जायला सुरुवात केली. ओहोटीला पाणी मागे गेलं की किनाऱ्यापुढे काळा कातळ उघडा पडायचा, खाचाखळग्यांचा, शेवाळाने निसरडा, आणि घरमालकीण काकू हातात काठी घेऊन त्यावर चालत जायच्या. साधी वेळूची काठी, टोकाला तंगूस, म्हणजे तो पारदर्शक पक्का दोरा, आणि तंगुसाला गळ. चाक नाही, यंत्र नाही. पहिले काही दिवस कस्तुराबाई नुसती मागेमागे गेली, सपनाला पाठीशी बांधून. कुणाला काही विचारलं नाही. बघत राहिली. मग एक दिवस काकूंनीच आपली जुनी काठी तिच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, "पाण्याकडे पाठ करू नका हो, वहिनी." पहिला मासा लागला तो बोटभर. कस्तुराबाईने तो तळहातावर घेऊन असा घरी आणला जसं काही शेतातलं पहिलं कणीस आणलंय. पुढे गोबरा लागला, तांबोशी लागली. वाडीतली माणसं तिला हाक मारायला लागली. वर्षभरात असं झालं की वैजयंतीला तिथे सगळे कस्तुराबाईची सून म्हणून ओळखायचे, शाळेच्या बाई म्हणून नंतर.

त्या खडकावर ती कशी उभी राहायची, ते मात्र वैजयंतीला आजही सांगता आलं नसतं. लुगड्याचा काष्टा घट्ट, पावलं अनवाणी, बोटं कातळाच्या खाचेत रुतवलेली, काठी कमरेशी. माणूस वाट बघताना कुठेतरी झुकलेला असतो, पुढे किंवा मागे. ती झुकलेली नसायची. मासा लागला नाही म्हणून चिडायची नाही, लागला म्हणून उड्या मारायची नाही. वैजयंती किनाऱ्यावरच्या वाळूत बसून वह्या तपासायची आणि मध्येच मान वर केली की ती तिथेच, त्या पसाऱ्यापुढे, जणू तिला तिथे कुणी बोलावून घेतलं होतं. आपण का नाही अशा उभ्या राहू शकत, असं तेव्हा वाटायचं. हेवाही वाटायचा थोडा. एकदा बदलीच्या यादीत नाव नाही असं कळल्यावर ती रडतरडत सपनाला कडेवर घेऊन खडकांवर गेली होती, भान न ठेवता, अगदी टोकाशी, कस्तुराबाईपाशी. बोलताबोलता किती वेळ गेला कळलं नाही. कस्तुराबाईने एकदम मान वळवली. येताना ओलांडलेली कोरडी खाच आता पाण्याने भरली होती, आणि पाणी तिच्यातून जोरात आत येत होतं. दोघींनाही पोहता येत नव्हतं. कस्तुराबाईने आधी तंगूस काठीला गुंडाळला, शांतपणे, गळ वेळूत टोचून ठेवला. मग सपनाला खांद्यावर बसवलं, "डोकशाले धर वं माह्या," म्हणाली, आणि काठी पाण्यात उभी घालून तळ चाचपत खाचेत उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. "माह्या पदराले धर. पाय उचलू नको, सरकव," ती मागे न बघता म्हणत होती. पलीकडे पोचल्यावर वैजयंती सपनाला छातीशी धरून बसली होती तेव्हा कस्तुराबाई लुगडं पिळत होती. "यादीत नाव येईन तवा येईन," ती म्हणाली. "आज घरी पोचलो, एवढं बस झालं ना?"

रिक्षा धरणाच्या फाट्याला वळली. धरण म्हणजे दोन टेकड्यांमध्ये अडवलेला ओढा. पावसाळ्यात भरला की पाणी थेट पळसाच्या झाडांपर्यंत यायचं, पण आता एप्रिलात ते खूप खाली उतरलं होतं आणि वर्षभर बुडालेला काळा खडक उघडा पडला होता, अंगावर वाळलेल्या गाळाच्या पांढऱ्या रेघा घेऊन. वैजयंतीने स्कूटी पळसाखाली लावली. रिक्षावाल्याने काठी उतरवून दिली आणि तो सावलीत जाऊन आडवा झाला. कस्तुराबाई एकटीच उतारावरून निघाली. चप्पल काढून तिने खडकाच्या कडेला ठेवली. काठी उजव्या हातात, टोक जमिनीला लावून, एकेक पाऊल आधी चाचपून मग टाकत. डावा हात बाजूला लोंबत होता. एके ठिकाणी ती घसरली, गुडघा खडकावर आपटला, आणि वरून बघणारी वैजयंती हाक मारायला दोन पावलं पुढे झाली. कस्तुराबाई तशीच टेकून राहिली जराशी, गुडघा चोळला आणि काठीचा आधार घेऊन उठली. हाक मारली असती तर ती वळली असती, आणि वळली असती तर परत आली असती. ते वैजयंतीला पक्कं ठाऊक होतं. सुनेच्या शब्दाला ती कधी नाही म्हणायची नाही. म्हणूनच तिने हाक गिळली आणि उन्हातल्या एका दगडावर बसली, पाय पोटाशी घेऊन.

पाण्याच्या कडेला सपाट जागा बघून कस्तुराबाईने बैठक मारली. कमरेच्या पिशवीतून डबी काढली, डबीतून गांडूळ. आणि मग वैजयंतीने जे पाहिलं ते बघायला कठीण होतं. काठी तिने मांडीखाली दाबली, गळ उजव्या हाताच्या बोटांत धरला आणि गांडूळ डाव्या हातात घेतलं. मुद्दाम डाव्या. ते पडलं. तिने उचललं. पुन्हा पडलं. डाव्या हाताची बोटं जवळ यायची आणि ऐनवेळी उघडायची, जशी ती तिची नव्हतीच. हाताला ती काहीतरी बोलत होती. शब्द इथवर येत नव्हते, ओठ हललेले दिसत होते. रागावत नव्हती, सपना लहानपणी अक्षर गिरवताना चुकली की बोलायची तसं काहीतरी. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता, तो तिने खाटेखाली ढकलून दिला होता आणि राजपाल त्यावरून रोज कुरकुरायचा. वैजयंतीलाही वाटायचं, आईंनी आता जिद्द सोडली. घरात त्या बोलेनाशा झाल्या होत्या, ताट समोर ठेवलं तर जेवायच्या. कुणीच विचारलं नाही की चेंडू का नको. गांडूळ पुन्हा पडलं, या वेळी पाण्यात. कस्तुराबाईने डबीतून दुसरं घेतलं. वरून घारीची सावली गेली. ऊन पिवळं व्हायला लागलं. आणि मग कधीतरी गळ गांडुळात शिरला. तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, मान हलवली आणि काठी मांडीखालून काढून दोरा पाण्यात सोडला. दोऱ्याला बांधलेला मोरपिसाच्या देठाचा तरंडा पाण्यावर आडवा पडला, मग सरळ उभा तरंगत राहिला. कस्तुराबाई उठून उभी राहिली. तीच. झुकलेली नव्हती.

फोन वाजला. राजपाल होता. "अवं, माय घरात नाई! कडी उघडी हाय. भुरीबाई म्हणते, तिनंच सांगतलं म्हणून उघडून देल्ली. मले काही सुचून नाई राह्यलं..." शेजारच्या भुरीबाईवर तो ओरडला असणार, आवाज फाटला होता. वैजयंतीने हळू आवाजात सांगितलं, आई माझ्यासमोर आहेत, धरणावर. "पाण्याजवळ?" "हो." "आन तू पाहून राह्यली?" ती म्हणाली, "तुमी या. पन गाडी वरच ठेवा, हॉर्न वाजवू नका." आपण हे काय केलं? तो येईल, ओरडेल, हाताला धरून तिला वर आणेल, आणि उद्यापासून कडीला कुलूप लागेल. पण त्याला न सांगणंही बरोबर नव्हतं. ती त्याची आई होती. आणि इतक्या वर्षांत त्याने आपल्या आईला खडकावर कधी पाहिलंच नव्हतं. सुटीत तो कोकणात यायचा तेव्हा कस्तुराबाई काठी कौलांखाली खोचून ठेवायची आणि तिचा सगळा दिवस त्याला करून घालण्यात जायचा. त्याच्या डोळ्यांसमोर जी बाई होती ती शेतातून वाकून घरी येणारी, थकलेली, त्याच्यासाठी राबलेली. तिला काही पाहिजे असतं, स्वतःसाठी, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

तरंडा बुडाला. वैजयंतीने तो बुडताना पाहिला नाही, तिने कस्तुराबाईचा खांदा पाहिला. एका झटक्यात काठी वर आली आणि वाकली, चांगलीच वाकली. पाण्याखाली काहीतरी वजनदार होतं, मरळ असावी, काठीचं टोक गदागदा हलवत ती खडकाच्या कपारीकडे ओढत होती. एका हाताने काठी तोलून कस्तुराबाई मागे सरकली, आणि दोरा धरायला तिने डावा हात पुढे केला. बोटं दोऱ्यावर पोचली. वैजयंती उठून उभी राहिली होती, तिच्या स्वतःच्या डाव्या हाताची मूठ आवळली गेली होती. बोटं मिटली. क्षणभर दोरा त्यांच्यात होता, ताणलेला, उन्हात चमकणारा. मग सुटला. काठी सरळ झाली, पाण्यावर एक मोठं वर्तुळ उठलं आणि पसरत गेलं. वैजयंतीला रडू फुटलं. कस्तुराबाईने रिकामा गळ जवळ ओढून घेतला, डावा हात उताणा करून पाहिला. दोऱ्याने बोटांवर कापल्यासारखी रेघ उमटली असावी, कारण ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग हसली. एकटीच. वैजयंतीने तिला थंडीपासून हसताना पाहिलं नव्हतं. मग ती खाली बसली, डबी उघडली.

मागे पाचोळा वाजला. राजपाल ऑफिसच्या कपड्यांतच आला होता, कपाळावर घाम, श्वास लागलेला. त्याने खाली पाहिलं आणि तो थेट उताराकडे निघाला. वैजयंतीने त्याची बाही धरली.

"थांबा."

"येडी झाली काय तू? पाय घसरला तं? तिच्या हातात जीव नाई, तुले मालूम हाय ना?"

"आत्ता मासा लागला होता त्याईले. मोठा. दोरा धरला डाव्या हातानं."

"धरला?"

"सुटला मंग. पन धरला."

तो तसाच उभा राहिला, एक पाय उतारावर. खाली कस्तुराबाई डाव्या हाताने गांडूळ उचलत होती. पडलं. उचललं. राजपालच्या तोंडून अगदी लहान आवाज निघाला, कुणीतरी चिमटा घेतल्यासारखा. तो पुन्हा पुढे झाला. "मी लावून देतो तिले. निदान तेवढं तं..."

"नका," वैजयंती म्हणाली. "त्याईचाच हात हाय तो."

बाही अजून तिच्या मुठीत होती. त्याने ती सोडवून घेतली नाही. या वेळी गांडूळ लवकर लागलं. कस्तुराबाई उठली, पावलं खडकावर नीट बसवली, आणि काठी मागे नेऊन असा झोका दिला की दोरा लांबवर जाऊन आवाज न करता पाण्यात उतरला. हा झोका तिला शेतातल्या कामाने दिला की त्या पसाऱ्याने, कुणास ठाऊक. राजपालचा श्वास हळूहळू खाली बसत होता. घामाने त्याच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या आणि त्या पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"तिकडं असंच करे काय ती?" त्याने विचारलं. "रोज?"

"पाणी उतरलं की."

"मले कोनी सांगतलं नाई."

यात तक्रार होती की आणखी काही, ते वैजयंतीला कळलं नाही. तिने फक्त पाहिलं की तो आता आईच्या पायांकडे बघत नव्हता. तो वर बघत होता, तिच्या पाठीकडे, मानेकडे, पुढच्या त्या स्थिर पाण्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं जे वाळूत बसून वह्या तपासताना कधीकधी वैजयंतीला स्वतःच्या चेहऱ्यावर जाणवलं होतं. सूर्य त्यांच्या मागे टेकडीला लागला होता. उतारावरून दोन लांब सावल्या खाली गेल्या होत्या, खडकावरून, कस्तुराबाईच्या शेजारून, थेट तरंड्यापर्यंत.

"बसा खाली दोघं," मागे न बघता कस्तुराबाई म्हणाली. "कवाचे पाण्यावर सावल्या पाडून राह्यले. मासोयी कशी येईन?"

आधी राजपाल बसला.